फ्यूज मेस्त्रींच्या खिशात

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एके काळी धोका डोळ्यांना दिसायचा. शेडच्या एका टोकाला ऑइल इंजिन, छताखालून आडवा गेलेला शाफ्ट, शाफ्टवर पुल्या आणि प्रत्येक पुलीवरून खाली लेथपर्यंत उतरलेला पट्टा. हे पट्टे दिवसभर फटफटत फिरायचे. धोतराचा सोगा, फेट्याचा शेमला नाहीतर सदऱ्याची बाही त्यात गेली की माणूस गेला, हे नव्या पोरालाही कुणी समजावून सांगत नसे. १९४८ च्या कारखाने कायद्यात यावर कलमच होतं. चालू यंत्राच्या पट्ट्याजवळ जायचं तर खास शिकवलेल्या प्रौढ पुरुषानेच, आणि तेही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून. कपडे मालकाने पुरवायचे. मला हे कलम फार आवडतं. ते लिहिणाऱ्याने कुठंतरी धोतर पट्ट्यात गेलेलं ऐकलं असणार.

मग मोटर आली. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर, भिंतीवर स्टार्टर, हिरवं बटण, लाल बटण. पट्टे गेले, डिझेलचा धूर गेला, शेड एकदम सुटसुटीत झाली. ज्या गावात वाय. पी. पोवार आणि म्हादबा मेस्त्री यांच्या पिढीने इंजिनं उघडून, मोजून, पुन्हा ओतून इंजिनं बनवायचा धंदा उभा केला, तिथल्या कारागिरांना पिस्टन, व्हॉल्व्ह, बेअरिंग हातानं कळत होतं. कान लावला की बिघाड सापडायचा. तारेतली वीज मात्र दिसत नाही, वास येत नाही, आणि कान लावून बघायची सोय नाही. इतका हुशार हात इथं एका दिवसात नवशिका झाला.

मी या धंद्यात हेल्पर म्हणून आलो तेव्हा १९७० चं दशक अर्धं सरलं होतं. पट्ट्यांवर चालणारी एकदोन जुनी शेडं तेव्हाही शिल्लक होती. पुढं वायरमन झालो, सुपरवायझर झालो, फाउंड्रीत मेंटेनन्स सांभाळला, आणि आता आयटीआयच्या पोरांना अधूनमधून चार गोष्टी सांगायला जातो. तिथं आमच्या ट्रेडचं सरकारी नाव तारतंत्री, शेजारच्या वर्गाचं वीजतंत्री. बाहेर दोघंही वायरमनच.

कायदा तसा जुना. हिंदुस्थानात विजेचा पहिला कायदा १८८७ चा, दुसरा १९०३ चा, आणि ज्यावर पुढं जवळजवळ शतकभर गाडा चालला तो १९१० चा. पण हा कायदा ब्रिटिश मुलखाचा. कोल्हापूर संस्थान. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सूतगिरणीचा पाया घातला, त्याच सुमारास राधानगरीला भोगावती अडवायचं मनावर घेतलं, पण धरणाचं काम पैशापायी आणि महायुद्धापायी रेंगाळत गेलं. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. त्यानंतर राधानगरीच्या पायथ्याला चार जनित्रं बसली, सगळी मिळून ४.८ मेगावॅट. आज एखादी मोठी फाउंड्री एकटी एवढी वीज ओढेल, पण त्या काळी जिल्ह्याला ती अप्रूप होती. २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आलं, १९६२ मध्ये कोयनेची वीज आली, आणि मग शिरोली, गोकुळ शिरगाव अशा वसाहती बसत गेल्या. या सगळ्या धावपळीत नियमांचं एक पुस्तक मात्र आधीच छापून तयार होतं. भारतीय विद्युत नियम, १९५६.

हे पुस्तक मी वाचलंय, परीक्षेसाठी आणि नंतर हौसेनंही. त्यातल्या नियमांना आम्ही माणसांसारखे आकड्यांनी ओळखायचो. पस्तीस नंबर म्हणजे धोक्याची पाटी. लाल कवटी, दोन हाडं, व्होल्टेज, आणि मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत आणि शिवाय जिल्ह्याच्या भाषेत. म्हणून आपल्याकडच्या खांबावर ‘धोका’ आहे आणि निपाणीच्या पुढं गेलं की त्याच कवटीखाली कन्नड. एकसष्ट नंबर म्हणजे अर्थिंग. पंचेचाळीस म्हणजे परमिट.

हा पंचेचाळीसावा नियम धंद्याच्या मुळाशी होता. विजेचं काम लायसनवाल्या कंत्राटदाराने करायचं, सर्टिफिकेटवाल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली, परमिटवाल्या वायरमनच्या हातून. तीन माणसं, तीन कागद. पूर्वी विद्युत निरीक्षकाचं खातं सार्वजनिक बांधकामाला जोडलेलं होतं, त्यामुळं कोल्हापुरात आजही म्हातारे ‘पीडब्ल्यूडी लायसन’ म्हणतात. पण याच नियमात एक सवलतीची खिडकी ठेवलेली होती. दिवा, पंखा, स्विच, फ्यूज बदलायला परमिट लागत नाही. अट एवढीच की त्यानं जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. कागदावर अगदी रास्त. प्रत्यक्षात दर दोन दिवसांनी फ्यूज उडतो म्हणून ऑपरेटरच किटकॅट, म्हणजे फ्यूजचा चिनी मातीचा ठोकळा, ओढायचा आणि त्यात हाताला लागेल ती जाड तांब्याची तार पिळून घालायचा. ‘आता उडतंय व्हय!’ असं वर अभिमानानं सांगायचा. तार जाड झाली म्हणजे क्षमता बदलली, म्हणजे नियम मोडला, हे त्याला सांगणारा परमिटवाला तिथं नसायचाच. अनेक ठिकाणी लायसनवाल्याची फक्त सही यायची, तो स्वतः कधी दिसला नाही.

मग नियम पाळायचे कुणी? आमच्या वेळी ते मेस्त्री पाळायचे, आणि पुस्तकातून नव्हे.

आमचे मेस्त्री शिकले होते तिसरीपर्यंत. त्यांची पद्धत अशी. एखाद्या यंत्राचं काम निघालं की मेन स्विच पाडायचा, चिनी मातीचे तिन्ही फ्यूज ओढायचे आणि खाकी चड्डीच्या खिशात टाकायचे. चालताना ते खुळखुळायचे. काम संपेपर्यंत ते खिशातच. मध्ये जेवणाची सुट्टी झाली तर मेस्त्री फ्यूज घेऊन घरी जेवायला जायचे. एकदा मालकांनी मागणीच्या घाईत दुसऱ्या शेडमधला फ्यूज आणून बसवायला एकाला सांगितलं. मेस्त्री परत आले, बघितलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी हत्यारांची पिशवी उचलली आणि चार दिवस फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी मालक स्वतः त्यांच्या घरी गेले. त्यानंतर त्या शेडमध्ये मेस्त्रींच्या खिशातला फ्यूज कुणी परस्पर बदलला नाही.

टेस्टरवर त्यांचा विश्वास नव्हता. दोन बल्ब सिरीजमध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प असायचा, कारण दोन फेजमध्ये चारशेच्या वर व्होल्ट आणि एकटा बल्ब फुटायचा. तो लॅम्प आधी चालू लायनीवर लावून बघायचा, पेटतो ना? मग बंद केलेल्या लायनीवर लावायचा, पेटत नाही ना? मग पुन्हा चालू लायनीवर. ‘मधल्या मधी बल्ब गेला असंल तर तुला कोन सांगनार बाळ?’ हे त्यांचं म्हणणं. पुढं परदेशी कंपनीच्या एका ट्रेनिंगला बसलो तर तिथं हेच तीन टप्पे रंगीत चित्रांत दाखवले.

आणखी एक. मोटरच्या बॉडीला हात लावायचा तर उलटा, पंजाच्या पाठीनं. डावा हात पाठीमागं. हातातलं चांदीचं कडं आणि अंगठी आधी काढून ठेवायची. याची कारणं मला फार उशिरा, पुस्तकात सापडली. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात चार्ल्स डाल्झिएल नावाच्या प्राध्यापकाने स्वयंसेवकांच्या हातातून करंट सोडून मोजलं होतं, किती करंटला माणसाची मूठ सुटेनाशी होते. पुरुषांच्या बाबतीत सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर. साठ वॉटचा साधा बल्ब याच्या सोळापट करंट घेतो. स्नायू आखडतात ते मुठीच्या दिशेनं, म्हणून तळव्यानं धरलं तर वीज धरून ठेवते आणि पाठीनं शिवलं तर हात आपसूक मागं येतो. डावा हात मागं यासाठी की करंटला एका हातातून छातीवाटे दुसऱ्या हातात जायला वाट नको. मेस्त्रींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या मेस्त्रींनी सांगितलं म्हणून ते करत होते. पण उलट्या हाताची ही सवय मी पोरांना शिकवत नाही. आता मोजायला मीटर आहे, हाताला मीटर करायची गरज नाही.

नियम आणि शेड यांची गाठ पडायची ती बहुधा भिंतीवर. चव्वेचाळीसाव्या नियमाप्रमाणे कारखान्यात विजेचा धक्का बसलेल्या माणसाला शुद्धीवर कसं आणायचं याचा तक्ता लावावा लागे, तोही स्थानिक भाषेसह. आमच्याकडं तो स्विचबोर्डच्या शेजारी होता, ऑइलच्या बोटांनी काळा झालेला. चित्रात एक माणूस पालथा पडलेला आणि दुसरा त्याच्या मांड्यांवर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून पाठीवर खाली दाबतोय. ब्रिटनमधल्या एडवर्ड शेफरने १९०३ मध्ये मांडलेली ही कृत्रिम श्वासोच्छ्वासाची रीत. पण आमची निम्मी पोरं तालमीत जाणारी. त्यांना ते चित्र म्हणजे खाली घेतलेला पैलवान वाटायचं. ‘मेस्त्री, ह्यो कुठला डाव?’ यावर रोज हशा.

त्या तक्त्याच्या नियमात लोक विसरतात असं एक वाक्य होतं. तक्ता लावून भागत नाही, नेमलेल्या माणसांना ती कृती माहीत पाहिजे आणि करताही आली पाहिजे. एकदा एक निरीक्षक आले. फाइल बघितली, अर्थिंगचं रीडिंग बघितलं, आणि अचानक एका ऑपरेटरला म्हणाले, ‘चला, झोपा खाली.’ दुसऱ्याला म्हणाले, ‘याला शॉक बसलाय. करा काय करायचं ते.’ पहिला जमिनीवर हसू दाबत पालथा, दुसरा गोंधळून त्याचे हातपाय चोळतोय. निरीक्षक काही लिहून न घेता अर्धा तास थांबले आणि सगळ्यांकडून ते करून घेतलं. मी पाहिलेलं विजेच्या सुरक्षेचं पहिलं खरं ट्रेनिंग ते. सर्टिफिकेट नाही, चहा नाही, फोटो नाही.

पुढं तक्ते बदलले. आमच्या भिंतीवर काही वर्षं जुना आणि नवा असे दोन शेजारी शेजारी होते. एकात माणूस पालथा, दुसऱ्यात उताणा. नव्या तक्त्यामागची हकीकत वायरमनच्या जातीला जवळची आहे. छातीवर दाबून हृदय चालू ठेवायची जी पद्धत आज सगळं जग सीपीआर म्हणून शिकतं, तिच्यावर १९६० मध्ये निबंध लिहिणाऱ्या तिघांपैकी विल्यम कौवेनहोवेन हा डॉक्टर नव्हता. तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला इलेक्ट्रिकल इंजिनिअर. लायनीवर काम करणारी माणसं शॉकनं मरतात म्हणून तिकडच्या वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसे दिले, त्यातून त्याचं काम सुरू झालं. शॉकनं थरथरत राहिलेलं हृदय पुन्हा शॉकनंच ताळ्यावर आणायचं यंत्र करता करता त्याच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं की छातीवर नुसतं दाबलं तरी रक्त पुढं सरकतं. आज हृदयविकाराच्या झटक्यानं कोसळलेल्या माणसाच्या छातीवर रस्त्यात कुणी हात ठेवतो, त्याला खांबावरच्या लाइनमनचं हे देणं ठाऊक नसतं. आयटीआयच्या वर्गात मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. बाकी व्याख्यानात पेंगणारी पोरं इथं सरळ बसतात.

अर्थिंगची गोष्ट इतकी रंगतदार नाही, पण माणसं खरी तिथंच वाचतात. खड्ड्यात साठ सेंटिमीटर चौरस तांब्याची प्लेट उभी पुरायची, भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर, वरून पाणी घालायला नळी. मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र तारांनी अर्थिंग करायचं, हा नियम. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून दोन. मी कितीतरी शेडांत पाहिलंय, तारा दोनच असतात, पण दोन्ही एकाच बोल्टला आवळलेल्या. तो एक बोल्ट गंजला की दोन्ही गेल्या. तपासणीत मात्र दोन भरतात. आणि एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी घालणं हे काम कुणाचंच नसतं. आमच्याकडं ते वॉचमनकडं दिलं होतं. त्याच्या कुंड्यांना पाणी घालायच्या वेळेला तो दोन बादल्या अर्थिंगला ओतायचा, आणि आमचं रीडिंग वर्षभर चांगलं यायचं.

कारखान्याबाहेर हे सगळं पुस्तक लंगडं पडतं. गुऱ्हाळघर घ्या. दिवाळीनंतर करवीर, पन्हाळ्याकडं चुलवाणं पेटतात. पूर्वी घाणा बैलांवर, मग इंजिनावर, आता मोटरवर. घाण्याखाली रसानं आणि पाण्यानं ओली झालेली माती, इकडं चिपाडाचा ढीग, काहिलीची वाफ, आणि त्या ओल्या मातीत गुळव्या अनवाणी. त्याच्या मागं लाकडी फळीवर स्टार्टर, त्यावर वाफेनं आलेला गंज. विजेच्या दृष्टीनं एवढी वाईट जागा फाउंड्रीतसुद्धा नाही, कारण कोरड्या कातडीचा विरोध ती ओली झाली की कित्येक पटींनी घटतो. आणि हे हंगामी काम असल्यानं कारखाने कायद्याचा डोळा तिथं क्वचितच पोचला.

नदीकाठी तीच तऱ्हा. पंचगंगा, भोगावती, कासारी, कुंभीच्या काठानं मोटारींची रांग. शेतीला वीज मिळते ती बऱ्याचदा रात्री. शेतकरी ओल्या बांधावरून जातो आणि लांबूनच कोरड्या काठीनं स्टार्टरचं बटण दाबतो. शहरी इंजिनिअर या काठीला हसतात. मी हसत नाही. कोरडी काठी आणि पायात रबरी चप्पल हे त्याच्या हातात असलेलं एकमेव साधन आहे, आणि ते अनुभवानं निवडलेलं आहे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी. शेतकरी त्याच्या कितीतरी आधी मोटारी वर काढायला लागतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात स्विच, मीटर, रोहित्रं सगळंच पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर घरोघरी एकच घाई, लाइट कधी? भिंतीतल्या पायपांत पाणी भरलेलं, बोर्डात गाळ. मेगर लावून इन्सुलेशन बघितल्याशिवाय मेन टाकू नका, हे त्या दिवसांत मी इतक्या लोकांना सांगितलं की गल्लीत मला मेगरआण्णा म्हणायला लागले.

१९५६ चे नियम २०१० पर्यंत चालले, चोपन्न वर्षं. मग केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, २०२३ मध्ये तेही नव्यानं लिहिले गेले. वीज कंपन्यांच्या तंत्रज्ञांचं शिक्षण किती हवं आणि ट्रेनिंग कोणतं हवं हे आता स्पष्ट लिहिलेलं आहे. कारखान्यात तीस मिलिअँपिअर गळतीवर पडणारा ईएलसीबी आला, स्विचबोर्डपुढं जाडजूड रबरी मॅट आली. जानेवारीत विद्युत सुरक्षा सप्ताह, ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. शपथ, घोषवाक्य स्पर्धा, बक्षीस. मला यातलं काही वाईट वाटत नाही. ईएलसीबीनं जेवढी माणसं वाचवली असतील तेवढी आमच्या सगळ्या मेस्त्रींनी मिळून वाचवली नसतील.

पण एक गोष्ट या पुस्तकांतून कायम निसटते. आमच्या मेस्त्रींना ज्ञान होतं म्हणून ते सुरक्षित राहिले, असं मला वाटत नाही. ज्ञान आजच्या पोराला त्यांच्यापेक्षा जास्त आहे. त्यांना फ्यूज खिशात घालून जेवायला जाता येत होतं, कारण ते रुसले तर मालकाला दुसरा मेस्त्री सहज मिळत नव्हता. पिशवी उचलून घरी बसायची त्यांची ऐपत होती. आजचा मेंटेनन्सचा पोरगा कंत्राटदाराच्या पटावर, वर्षाच्या करारावर. सुपरवायझर म्हणाला, ‘चालूतच कर, फर्नेस थांबवायची नाही,’ तर तो काय म्हणणार? कपोला भट्टीच्या जागी विजेवरची इंडक्शन फर्नेस आल्यापासून थांबण्याची किंमतही वाढली. वितळलेलं लोखंड आत असताना वीज बंद करायला कुणाचा हात धजत नाही. ट्रेनिंग सगळं त्या पोराला. थांबवायचा अधिकार ज्याच्या हातात आहे, त्याला त्या वर्गात मी फारसा बघितलेला नाही.

आता किटकॅट गेले आणि एमसीबी आले. एमसीबी खिशात घालता येत नाही, म्हणून तो पाडून त्याला कुलूप घालायचं आणि वर आपल्या नावाचा बिल्ला अडकवायचा, अशी पद्धत मोठ्या कारखान्यांत आहे. लाल कुलूप, एकच किल्ली, आणि ती किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. गेल्या वर्षी आमच्या वर्गातून बाहेर पडलेला एक विद्यार्थी भेटला. एका फाउंड्रीत लागलाय. मी विचारलं, कुलूप-बिल्ला वापरता का? म्हणाला, ‘वापरतो की सर, रोज. रजिस्टर पण आहे.’ किल्ली कुठं असते विचारलं, तर म्हणाला, ‘प्रॉडक्शनच्या साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. आमच्याकडनं हरवतात म्हणून.’